यानमतमीमांसा: स्मरणीय मोटारी आणि युगप्रवर्तक विमाने यांविषयीच्या हौशी मतांचे शास्त्र

१. विषयप्रवेश

यानांचे शास्त्र आहे, यानमतांचे नाही. इंजिनात पेट्रोल कसे जळते याचा विचार यंत्रशास्त्राने केला आणि पंखावरून हवा कशी वाहते याचा वायुगतिशास्त्राने केला. परंतु उत्पादन बंद होऊन दोन दशके लोटलेल्या एखाद्या गाडीचे नाव निघताच एरवी मितभाषी असलेला गृहस्थ चहाचा कप खाली ठेवतो, डोळे अर्धवट मिटतो आणि "काय गाडी होती राव!" असे उद्गारतो, तेव्हा त्याच्या ठायी काय जळते व काय वाहते याकडे विद्वानांनी आजवर अक्षम्य दुर्लक्ष केले आहे. भरतमुनींनी रसांची व्यवस्था लावली तेव्हा मोटार नव्हती, हे समजण्यासारखे आहे. त्यांच्या नंतरच्या भाष्यकारांना, निदान १९५० नंतरच्यांना, ही सबब उपलब्ध नाही.

प्रस्तुत प्रबंधात यानाचा विचार केवळ मताचे निमित्त म्हणून केला आहे. दुचाकी वाहने अभ्यासकक्षेबाहेर ठेवली आहेत, कारण बुलेट व लँब्रेटा यांविषयीची मते हा स्वतंत्र आणि बराच अधिक उग्र विषय होय. आगगाडीविषयीच्या मतांत पावित्र्याचा अंश इतका असतो की त्यांची गणना भक्तिशास्त्रात करणे इष्ट.

अभ्यासक्षेत्र म्हणून मुंबईतील कुर्ला या स्थानास प्रथम पूजेचा मान आहे. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सचा कारखाना येथेच होता आणि फियाट येथेच घडत असे. मुंबई विमानतळावर पूर्वेकडून उतरणारी विमानेही याच भागावरून, चाके खाली सोडून, अगदी डोक्यावरून जातात. भूयान जेथे जन्मले तेथेच आकाशयान नतमस्तक होते, असा योग अन्यत्र दुर्मिळ. कुर्ल्याच्या टपरीवर उभा असलेला यानरसिक एका हाताने चहा धरतो, दुसऱ्या हाताने वर बोट दाखवतो आणि विमानाची जात सांगून टाकतो. त्याला ती कोणी विचारलेली नसते.

२. लक्षण

"स्वतःच्या ताब्यात नसलेल्या, बहुधा उत्पादनातून बाद झालेल्या यानाविषयी, कोणी न विचारता, उभ्याने व्यक्त झालेले निश्चयात्मक ज्ञान म्हणजे यानमत होय."

या लक्षणातील प्रत्येक पद सहेतुक आहे. 'न विचारता' हे पद नसते तर मेकॅनिकच्या अभिप्रायावर अतिव्याप्ती झाली असती. मेकॅनिक विचारल्यावर बोलतो, आणि त्याचे पैसे पडतात. 'उभ्याने' या पदाविषयी काहींनी शंका घेतली की लग्नाच्या पंगतीत बसूनही यानमते व्यक्त होतात. उत्तर असे: तेथेही वक्ता मताच्या ऐन भरात अर्धवट उठतोच. 'निश्चयात्मक' हे पद सर्वांत महत्त्वाचे. "मला वाटतं बरी होती" हे यानमत नव्हे, ती माहिती झाली.

३. प्रमाणविचार

सामान्य ज्ञानशास्त्रात प्रत्यक्ष हे ज्येष्ठ प्रमाण. यानमतशास्त्रात ते कनिष्ठ ठरते, आणि हा या शास्त्राचा पहिला मोठा शोध होय. ज्याने ॲम्बॅसिडर स्वतः दहा वर्षे बाळगली त्याला तिच्याविषयी विचारून पाहावे. तो क्लच प्लेट, थंडीत ओढावा लागणारा चोक आणि पावसाळ्यात दरवाज्यातून झिरपणारे पाणी याविषयी बोलतो. त्याच्या बोलण्यात खेद असतो, क्वचित आपुलकी असते, पण निश्चय नसतो. निश्चय त्याच्या पुतण्याकडे असतो.

म्हणून या शास्त्रातील सर्वश्रेष्ठ प्रमाण म्हणजे काकाप्रमाण. "आमच्या काकांची होती" या वाक्याने वाद संपतो, निदान वक्त्याच्या बाजूने संपतो. काका प्रमाणभूत ठरण्यास तीन अटी आहेत. काकांनी गाडी गोव्यापर्यंत नेलेली असावी. परत येताना बॉनेट एकदाही उघडलेले नसावे. आणि गाडी शेवटी मातीमोल किमतीत गेलेली असावी, तीही काकूच्या आग्रहाने. मामाप्रमाण ग्राह्य आहे, पण त्यास साक्षीदार लागतो. वडिलांचे प्रमाण मात्र दुर्बळ मानतात, कारण त्या गाडीला धक्का मारल्याचे वक्त्यास स्वतःला आठवत असते.

मीमांसकांनी मानलेले अर्थापत्ती हे प्रमाण येथे विशेष फलद्रूप होते. पुष्ट देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणून तो रात्री जेवत असला पाहिजे, हे त्याचे जुने उदाहरण. आपल्या शास्त्रातील उदाहरण असे: काकांची फियाट कधीच बंद पडली नाही, तथापि खोपोलीचा मेकॅनिक काकांना नावानिशी ओळखत असे. यावरून काका लोकसंग्रही होते असे यानरसिक अनुमान करतो. बोरघाटाच्या पायथ्याशीच तापलेल्या रेडिएटरमध्ये पाणी ओततानाच ही ओळख झाली असावी, असा पूर्वपक्ष काकू मांडतात. त्यास उत्तरपक्ष असा: रेडिएटर तापणे म्हणजे बंद पडणे नव्हे, गाडी विश्रांती घेत होती.

अनुपलब्धी या सहाव्या प्रमाणाचा उपयोग याहून सूक्ष्म. "आज एक तरी दिसते का रस्त्यावर?" असा प्रश्न रसिक करतो. दिसत नाही, असे श्रोता मान्य करतो. "मग?" असे रसिक म्हणतो. यापुढे काही सिद्ध करावयाचे उरत नाही.

४. व्यस्तस्वामित्वाचा नियम

उपरोक्त विवेचनावरून मूलभूत नियम निष्पन्न होतो: मताची दृढता ही यानाशी आलेल्या प्रत्यक्ष संबंधाच्या व्यस्त प्रमाणात असते. उतरत्या संबंधाने आणि चढत्या दृढतेने मतधारकांच्या सहा पायऱ्या मानल्या आहेत: स्वामी, चालक, सहप्रवासी, पुतण्या, दर्शक आणि श्रावक. ज्याने गाडीचे केवळ वर्णन ऐकले तो श्रावक, आणि त्याच्याशी वाद घालू नये.

एक अपवाद नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. परवानाराजाच्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. अशा रीतीने गाडी पदरात पडलेला स्वामी पुतण्याइतकाच दृढ असतो. हे नियमविरुद्ध भासते, पण कारण उघड आहे. इतकी वर्षे वाट पाहून मिळालेली वस्तू वाईट निघाली असे म्हणण्यास जे मनोधैर्य लागते, ते वाट पाहण्यातच खर्च झालेले असे. फियाट आणि ॲम्बॅसिडर या दोन गाड्यांची कीर्ती जेवढी त्यांच्या इंजिनांनी उभी केली, तेवढीच प्रतीक्षायादीने केली असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या शास्त्रातील अभ्यासकास स्वतःचे मत असण्यास मुळात मनाई असली तरी ते येथे नोंदवून ठेवतो.

५. भूयानखंड: संप्रदाय

(अ) फियाटपंथ. हा प्राचीनतम आणि शाखाबहुल. पन्नाशीच्या दशकातील, पुढून फुगीर नाकाच्या गाडीस लोक 'डुक्कर फियाट' म्हणत, आणि तिचे उपासक आजही स्वतःस मूळपीठाचे मानतात. त्यानंतरच्या ११०० डिलाइटचे उपासक डिलाइटवादी. सत्तरीच्या दशकात फियाटचे नाव गळून तीच गाडी आधी प्रीमिअर प्रेसिडेंट व पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली. प्रेसिडेंटवादी फार थोडे, कारण ते नावच अल्पायुषी ठरले. एखादा भेटलाच तर तो बहुधा आरसीबुक दाखवतो. पद्मिनीवादी बहुसंख्य. इंजिन सर्वत्र तेच, १०८९ सीसीचे. तरीही "डिलाइटची मजा पद्मिनीला नाही" हे वाक्य डिलाइटवादी ज्या गांभीर्याने उच्चारतो, ते ऐकून घराण्यांचे भेद आठवतात.

या पंथाची ओळख म्हणजे हस्तमुद्रा. स्टिअरिंगच्या दांड्याला बसवलेला गिअर हे फियाटचे वैशिष्ट्य होते. त्याचे वर्णन कोणताही उपासक शब्दांनी करीत नाही. त्याचा डावा हात आपसूक छातीसमोर येतो, मूठ सैल मिटते, स्वतःकडे किंचित ओढली जाते, वर सरकते, अधांतरी क्षणभर थबकते आणि खाली उतरते. त्या थबकण्याच्या वेळी डावा पाय जमिनीवर दाबला जातो, मग तो गृहस्थ बँकेच्या रांगेत का उभा असेना. ही मुद्रा अनुकरणाने येत नाही. मुद्रा करताना ज्याचा पाय हलत नाही तो पुतण्या समजावा. शेवटच्या काळातील काही पद्मिनींना जमिनीवरचा गिअर दिला गेला, त्या प्रकारास पंथात पाखंड म्हणतात आणि त्याचा उल्लेख टाळतात.

(आ) ॲम्बॅसिडरपंथ. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून बेतलेली ही गाडी पश्चिम बंगालातील उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मे २०१४ पर्यंत बनवली. या पंथाचे तत्त्वज्ञान अवकाशवादी आहे. गाडीचे मूल्य तिच्यात मावणाऱ्या माणसांच्या संख्येवर ठरते आणि ती संख्या दर कथनागणिक एकाने वाढते. बीबीसीच्या टॉप गिअर कार्यक्रमाने २०१३ मध्ये तिला जगातील सर्वोत्तम टॅक्सी ठरवले, तेव्हा पंथात आनंद झाला, पण आश्चर्य कोणासच वाटले नाही. "हे त्यांना आत्ता कळलं," एवढीच अधिकृत प्रतिक्रिया होती.

(इ) नादवादी. हा संप्रदाय एका गाडीशी बांधलेला नाही. पत्र्यावर बोटाच्या पेराने आघात करून निघणाऱ्या ध्वनीवरून गाडीची प्रतवारी करणे ही त्याची पद्धती. 'टण' हा ध्वनी उत्तम, 'ठक' मध्यम आणि 'फट' अधम. दरवाजा मिटतानाचा 'धप्प' हा ध्वनी स्वतंत्र परीक्षेचा विषय होय. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नवी गाडी आली की तळमजल्यावरचे निवृत्त गृहस्थ पेढा घेण्याआधी बॉनेटवर दोन टिचक्या मारतात आणि मान हलवतात. गाडीमालक ओशाळून "काका, एअरबॅग सहा आहेत" असे म्हणतो. काका म्हणतात, "असू देत. पत्रा कुठाय?"

नादवादाविरुद्ध सर्वांत प्रबळ पूर्वपक्ष अमेरिकेतून आला. तेथील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेव्हरोले बेल एअर व २००९ ची शेव्हरोले मॅलिबू यांची ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर टक्कर घडवली. जाडजूड बेल एअरची बैठकीची जागाच चेपली आणि तीत माणूस असता तर वाचला नसता. मॅलिबूच्या पुतळ्याच्या पायाला तेवढी इजा झाली. याचे कारण असे की नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दामच चुरगळण्यासाठी रचलेला असतो, म्हणजे टकरीचा जोर पत्रा खातो, माणूस नव्हे. मर्सिडीझचे अभियंता बेला बारेनी यांनी ही कल्पना मांडली आणि ती असलेली गाडी १९५९ सालीच बाजारात आली. म्हणजे चुरगळणारी मोटार आणि टणक बेल एअर समवयस्क आहेत. नादवाद्यांनी हा पुरावा शांतपणे ऐकला. त्यांचा उत्तरपक्ष दोन शब्दांचा आहे: "चेव्ही होती." काकांची फियाट असती तर, हा उर्वरित भाग अध्याहृत.

(ई) मारुतिपंथ. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची चावी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. त्या वेळी फियाटपंथ व ॲम्बॅसिडरपंथ यांनी आपसांतील वैर विसरून तिला एकमुखाने 'पत्र्याचा डबा' ही पदवी बहाल केली. आज तिच्याविषयी काय बोलले जाते ते सर्वश्रुत आहे: लोण्यासारखी चालायची, कुठल्याही गल्लीत वळायची, अशी गाडी पुन्हा होणे नाही. या परिवर्तनास निवृत्त्युत्तर पुण्योदय अशी संज्ञा आहे. नियम असा की विक्रीस उपलब्ध असेपर्यंत गाडी डबा असते, उत्पादन थांबल्यावर काही काळ ती विस्मरणात जाते आणि त्यानंतर ती 'खरी गाडी' होते. मारुती ८०० आणि ॲम्बॅसिडर यांचे उत्पादन एकाच वर्षी, २०१४ मध्ये थांबले, त्यामुळे दोघींचे पुण्य एकाच पंचांगाने मोजता येते. टाटा नॅनो सध्या दुसऱ्या अवस्थेत आहे. जाणकारांनी जपून ठेवावी.

(उ) किरकोळ पंथ. कॉन्टेसावाले थोडे आणि मोठ्याने बोलणारे. स्टँडर्ड हेराल्डवाले मद्रासचा उल्लेख आदराने करतात. टाटा सिएराच्या उपासकांचा मात्र थोडा विस्ताराने परामर्श घेतला पाहिजे. १९९१ च्या या पुणेरी गाडीला तीनच दरवाजे होते आणि मागच्या बाजूला छतापर्यंत वळलेल्या, न उघडणाऱ्या मोठ्या काचा. एप्रिलच्या दुपारी मागे बसलेल्या माणसाची काय अवस्था होत असे, याविषयी पंथाच्या वाङ्मयात मौन आहे. मागे बसलेल्यांस पंथात प्रवेश नाही. २०२५ मध्ये टाटांनी तेच नाव नव्या गाडीला दिले, आणि पुनर्जन्मात आत्मा तोच राहतो की केवळ नामसाधर्म्य राहते, हा वेदान्तातील जुना प्रश्न पिंपरी-चिंचवड परिसरात नव्याने उभा राहिला. आकृतिवादी म्हणतात, काचेची चाल राखली आहे, म्हणून आत्मा तोच. द्वारवादी म्हणतात, दरवाजे वाढले, आता कोणीही सुखाने मागे बसू शकतो, म्हणून आत्मा गेला.

६. आकाशयानखंड

विमानमत हे मोटारमतापेक्षा शुद्ध असते. व्यस्तस्वामित्वाच्या नियमाचाच हा परिणाम आहे. मोटार कोणाची तरी असते, विमान कोणाचेच नसते. काकांनी कॉन्कॉर्ड घेतली नव्हती, विकली नव्हती आणि खोपोलीत थांबवली नव्हती. त्यामुळे विमानमतास बिल, मेकॅनिक व काकू यांपैकी कोणाचाही स्पर्श होत नाही. मोटार बाजूने पाहिली जाते, विमान खालून. म्हणून पोट, चाके आणि आवाज यांवरच विमानरसिकाचे बव्हंशी सिद्धान्त उभे असतात.

कॉन्कॉर्डपंथ. प्रथम उड्डाण २ मार्च १९६९, तुलूझ. प्रवासी सेवा २१ जानेवारी १९७६ पासून. ध्वनीच्या दुप्पट वेग. एकूण बांधली गेली २०, प्रवासी सेवेत आली १४. या पंथाचा उपासक ही माहिती देताना आवाज खाली आणतो आणि नाकाचा विषय आला की थांबतो. नाक खाली झुकत असे. उतरताना वैमानिकास धावपट्टी दिसावी म्हणून ती सोय होती, परंतु पंथात तिचे वर्णन विनय असे केले जाते. दुसरे शास्त्रवचन तापाचे. उड्डाणात घर्षणाने व हवेच्या दाबाने विमान तापून सुमारे १५ ते २५ सेंटिमीटर लांब होत असे, आणि फ्लाइट इंजिनियरच्या उपकरणफलकाशेजारी एक फट पडे. अखेरच्या काळातील एका उड्डाणात त्या फटीत इंजिनियरने आपली टोपी ठेवली, विमान निवले, फट मिटली आणि टोपी आत अडकली. पंथात या टोपीस जे स्थान आहे ते अन्य कोणत्याही सुट्या भागास नाही. उपासकाच्या मुखातून टोपीची कथा न निघता संभाषण संपले, असे एकही उदाहरण उपलब्ध नाही.

सातशेसत्तेचाळीसपंथ. बोइंग ७४७ चे पहिले उड्डाण ९ फेब्रुवारी १९६९ रोजी झाले, कॉन्कॉर्डच्या तीन आठवडे आधी. हे दोन पंथ म्हणून जुळे आहेत व जुळ्यांप्रमाणे परस्परांशी बोलत नाहीत. वस्तुतः ७४७ च्या कुबडाचे कारण कॉन्कॉर्डच्या जातीतच आहे. पुढे प्रवासी ध्वनीहून वेगवान विमानांनीच जातील, आपले विमान मालवाहतुकीला जाईल, असा तिच्या रचनाकारांचा कयास होता. नाक उघडून माल आत घालता यावा म्हणून वैमानिकांची खोली वरच्या मजल्यावर नेली, आणि कुबड आले. म्हणजे जे विमान जगभर प्रवाशांचे झाले त्याचे सर्वांत प्रेक्षणीय अंग प्रवासी मिळणार नाहीत या अंदाजातून निर्माण झाले. या पंथाच्या भारतीय शाखेत एअर इंडियाच्या १९७१ सालच्या सम्राट अशोक या विमानाचे महत्त्व मोठे. खिडक्यांभोवती झरोक्यांची नक्षी रंगवलेली. शाखेतील कोणी त्या खिडकीतून बाहेर पाहिले नव्हते, सर्वांनी ती बाहेरून पाहिली. सांताक्रूझच्या गॅलरीतून पाहिलेले विमान हे आत बसून पाहिलेल्या विमानाच्या बरोबरीचे, असा निर्णय पूर्वीच झालेला आहे. शेवटचे ७४७ कारखान्याने २०२३ च्या जानेवारीअखेर मालवाहू कंपनीला दिले, आणि मूळचा कयास अशा रीतीने चौपन्न वर्षे उशिराने खरा ठरला.

असतेवाद. भारतीय विमानमतातील ही सर्वांत गहन शाखा होय. उपास्य दैवत एचएफ-२४ मारुत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने वापरलेले फोके-वुल्फ १९० रचणारे कुर्ट टँक यांनी बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्टसाठी (पुढची हिंदुस्थान एरोनॉटिक्स) हे लढाऊ विमान रचले, आणि ते १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. बांधा ध्वनीहून वेगवान धावेल असा, पण त्याजोगे इंजिन मिळालेच नाही. ब्रिटिश ऑर्फियस इंजिनाची ताकदवान आवृत्ती तयारच झाली नाही, इजिप्तच्या ई-३०० इंजिनाचा प्रयोगही पुढे गेला नाही, आणि कमी ताकदीच्या दोन ऑर्फियसवर एकूण १४७ विमाने निघाली. या घटनाक्रमातून एकच वाक्य उरते: "इंजिन मिळालं असतं तर!" असतेवादाची शक्ती अशी की या वाक्याचे उत्तरार्ध अनंत आहेत. इंजिन मिळाले असते तर विमान अमुक वेगाने गेले असते, मग तमुक देशाने विकत घेतले असते, मग आपल्याला मिग घ्यावे लागले नसते, मग ओझरला कारखाना निघाला नसता. या टप्प्यावर नाशिककर असतेवादी गप्प होतात, कारण ओझरचा कारखाना मिग-२१ साठीच १९६४ मध्ये निघाला आणि अनेकांचे वडील तेथेच नोकरीला होते. मिग-२१ हे २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झाले. त्याचा पुण्योदय अपेक्षेहून लवकर, निरोपसमारंभाच्या दिवशीच सुरू झाला.

दुरुस्तीवादी. यांचे स्वतःचे उपास्य विमान नसते, ते इतरांच्या विधानांवर जगतात. डी हॅविलँड कॉमेट हे १९५२ मध्ये प्रवासी सेवेत आलेले पहिले जेट. १९५४ च्या अपघातांनंतर धातूच्या थकव्याचे कारण सापडले. सामान्य रसिक म्हणतो, "चौकोनी खिडक्यांमुळे फुटलं." दुरुस्तीवादी याच वाक्याची वाट पाहत असतो. तो सांगतो की समुद्रातून वर काढलेल्या अवशेषांत तडा प्रवाशांच्या खिडकीपाशी नव्हे, छतावरच्या अँटेनासाठी ठेवलेल्या झरोक्यापाशी सुरू झाला होता. हे खरे आहे. याचा उपयोग संभाषण संपवण्यापलीकडे होत नाही. स्पिटफायरची स्तुती ऐकताच ब्रिटनच्या लढाईत अधिक विमाने हरिकेनने पाडली असे सांगणारा याच गोत्राचा.

चौपाटीपंथ. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, असे मानणाऱ्यांचा हा पंथ. राइट बंधूंचे १७ डिसेंबर १९०३ चे पहिले उड्डाण १२ सेकंद व १२० फुटांचे. चौपाटीवरील उड्डाण पंथाच्या मते त्याहून सरस होते. समकालीन भक्कम पुरावा नाही, हा आक्षेप पंथास मान्य आहे, किंबहुना प्रिय आहे, कारण अनुपलब्धी हे प्रमाण वर सिद्ध झालेच आहे. ज्या वैमानिकशास्त्राचा आधार घेतला जातो त्या ग्रंथाची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९७४ मध्ये तपासणी केली. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यात वर्णिलेली विमाने उडणे शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष. पंथाचे उत्तर: संशोधकांनी फक्त वाचले, बांधून कोठे पाहिले?

७. दोन खंडांचा संधी

२४ ऑक्टोबर २००३ रोजी कॉन्कॉर्डने शेवटचे प्रवासी उड्डाण केले. त्यानंतर पाच दिवसांनी, २९ ऑक्टोबरला, मुंबईच्या ताडदेव आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे यान निघून जाते आणि त्याच आठवड्यात सिग्नलला थांबणारे, मीटर बाहेर काढलेले, काळे-पिवळे यान सेवेत रुजू होते. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची, म्हणून ती गाडी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. कॉन्कॉर्डपंथी या तारखांकडे दुर्लक्ष करतात. फियाटपंथी त्या पाठ म्हणतात.

८. चिकित्सा

यानमताचा आवेग शमवण्यासाठी परंपरेने जे उपाय सांगितले त्यांपैकी दोन तरी विचारार्ह आहेत.

पहिला चावी-उपचार. पद्मिनीची महती सांगणाऱ्यापुढे चालू स्थितीतील पद्मिनीची चावी धरावी आणि "घेऊन जा" म्हणावे. रसिक प्रथम हसतो. मग पार्किंग कोठे करणार हे विचारतो, मग पार्ट मिळतात का हे विचारतो, मग पत्नीला विचारून सांगतो म्हणतो. त्या संध्याकाळी तो इलेक्ट्रिक गाडीच्या रेंजविषयी बोलताना आढळतो. उपचार अचूक, परंतु चालू पद्मिनी मिळणे दुष्कर. विमानमतास तो लागूच पडत नाही.

दुसरा सरासरी-उपचार. कोणत्याही गाडीविषयीचा मराठी संवाद शेवटी "ॲव्हरेज किती देते?" या प्रश्नापाशी येतो. हाच प्रश्न कॉन्कॉर्डपंथीयास करावा. कॉन्कॉर्ड तासाला सुमारे २५,६०० लिटर इंधन पीत असे आणि ताशी सुमारे २,१५० किलोमीटर जात असे. भागाकार केला असता लिटरला ८४ मीटर मिळतात, म्हणजे एका लिटरात शिवाजी मंदिरापासून दादर स्टेशनही येत नाही. या आकड्याने श्रोतृवर्गात शांतता पसरते आणि कोणी तरी उठून चपला शोधू लागतो. परंतु मुरलेला उपासक येथे खचत नाही. तो सांगतो की विमानात माणसे शंभर होती. शंभरांनी गुणावे. माणशी लिटरला आठ किलोमीटरांहून अधिक होतात, आणि एकटा माणूस जुनी मोठी पेट्रोल गाडी हाकत लोणावळ्याला जातो तेव्हा त्याचा हिशेब याहून फार वेगळा नसतो. शिवाय तुमची गाडी लांब होत नसे. ती कशी लांब होत असे हे कोणी विचारल्यास टोपीची कथा प्रारंभापासून सांगितली जाते, आणि चपला शोधणारा गृहस्थ पुन्हा बसतो.